भाषांतराची सेवा आणि विकासाचे अर्थकारण

एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक प्रगतीचे मोजमाप करताना रस्त्यांची लांबी, सिंचनाखालील क्षेत्र, विजेचा वापर, बँकांच्या शाखा आणि कारखान्यांची संख्या यांचा हिशेब मांडला जातो. या यादीत भाषांतराचे नाव सहसा येत नाही. भाषांतर म्हटले की परभाषेतील कथा-कादंबऱ्या तेवढ्या डोळ्यांसमोर येतात. वस्तुस्थिती अशी आहे की, कीटकनाशकाच्या बाटलीवरील सूचना, कर्जरोख्यातील अटी, यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका, निर्यातीचे नियम, न्यायालयाचा निर्णय आणि ग्रामसभेपुढे येणारा कायदा हे सारे बहुधा एका भाषेत जन्माला येतात आणि दुसऱ्याच भाषेच्या माणसांकडून वापरले जातात. हा मधला प्रवास नीट झाला नाही, तर रस्ता, पाणी आणि पतपुरवठा ही तिन्ही दाराशी येऊनही त्यांचा पुरता लाभ पदरात पडत नाही. या अर्थाने भाषांतर ही बी-बियाणे, वीज आणि भांडवल यांच्याच पंक्तीत बसणारी विकासाची साधनसामग्री होय.

खुद्द अर्थशास्त्र हे शास्त्र मराठीत आले तेच भाषांतराच्या वाटेने. लोकहितवादींनी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५५ मध्ये, कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आले. भांडवल, मागणी, पुरवठा, मजुरी, नफा या विषयांवर मराठीत शास्त्रशुद्ध बोलता यावे, यासाठी त्या पिढीने केलेला तो खटाटोप होता. आज ग्रामपंचायतीचा सदस्य अंदाजपत्रकावर मराठीत वाद घालू शकतो, त्यामागे अशा प्रयत्नांची परंपरा उभी आहे.

तीन प्रयोग

भाषांतर आणि आर्थिक उन्नती यांचा संबंध समजून घेण्यासाठी तीन ऐतिहासिक प्रयोगांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. पहिला जपानचा, दुसरा बडोदे संस्थानचा आणि तिसरा हैदराबाद संस्थानचा.

जपानने पाश्चात्त्य विद्येचा परिचय प्रथम डच ग्रंथांवरून करून घेतला. सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचनाशास्त्रावरील एका डच ग्रंथाचे भाषांतर १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. १८५६ मध्ये परकीय ग्रंथांच्या अभ्यासासाठी व भाषांतरासाठी सरकारी संस्था स्थापन झाली. १८६८ मध्ये मेइजी राजवट सुरू झाल्यावर या कामाला राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वरूप आले. आरंभी परदेशी अभियंते भरघोस वेतनावर आणून टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजीतून शिक्षण देण्यात आले. परंतु हा टप्पा कायमचा मानला गेला नाही. पुस्तके आणि परिभाषा तयार होत गेली, तसतसे जपानी अध्यापक जपानीतून शिकवू लागले. ओतकाम, सूतकताई, बाष्पयंत्रे, खाणी यांचे लिखित ज्ञान कारखान्यातील फोरमनला स्वतःच्या भाषेत वाचता येऊ लागले. अलीकडे, २०२४ मध्ये, काही अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास मांडला आहे. ज्या उद्योगांना परकीय तंत्रज्ञानाच्या लिखित माहितीचा अधिक उपयोग होण्यासारखा होता, त्या उद्योगांची उत्पादकता जपानमध्ये अधिक वेगाने वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे ज्ञान देशभाषेत आलेले नव्हते अशा अन्य देशांत असा परिणाम दिसत नाही, हेही त्यांनी नोंदविले आहे.

बडोद्याचा प्रयोग आपल्या अधिक जवळचा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय तेथे शिकविले जात. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने रसायनशास्त्रापासून वंचित राहू नये, ही गज्जर यांची भूमिका होती, आणि म्हणून देशी भाषांत तांत्रिक पुस्तके तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९१२ मध्ये महाराजांनी दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून मराठी व गुजराती ग्रंथमाला निघाल्या. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील प्रशासकीय शब्दांचा कोश सिद्ध झाला. विशेष हे की, याच संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले होते. एका हाताने वाचक तयार होत होता आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासाठी वाचनीय मजकूर तयार होत होता. ही जोडी जुळल्यावाचून भाषांतराला फळ येत नाही.

तिसरा प्रयोग हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली. तत्पूर्वी एक वर्ष आधीच तेथे भाषांतर विभाग स्थापन करण्यात आला होता. वैद्यक, अभियांत्रिकी, गणित, अर्थशास्त्र या विषयांवरील शेकडो ग्रंथ त्या विभागाने उर्दूत आणले. भारतीय भाषेतून सर्वोच्च शिक्षण देण्याचा हा प्रयत्न विद्वत्तेच्या दृष्टीने थोर होता. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कन्नड या होत्या. मराठवाड्यातील कापूस व ज्वारी पिकविणारा शेतकरी आणि त्याचा मुलगा या ज्ञानाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. १९४८ नंतर राजवट बदलली, विद्यापीठाचे माध्यमही बदलले आणि तो मोठा ग्रंथसंग्रह दैनंदिन वापरातून गेला.

तिन्ही प्रयोगांत विद्वान होते, पैसा होता आणि राज्यकर्त्यांची इच्छाही होती. फरक पडला तो एका प्रश्नाने: भाषांतर कोणाच्या भाषेत झाले? ज्याच्या हाताने उत्पादन होते त्याच्या भाषेत झाले तेथे ते रुजले.

परिभाषा आणि प्रचार

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबरच, १९६० मध्ये, भाषा संचालनालय अस्तित्वात आले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला प्रशासनात अधिकृत स्थान दिले. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि अर्थशास्त्र, वाणिज्य, कृषी इत्यादी विषयांचे परिभाषा कोश तयार झाले. हे काम मूलभूत स्वरूपाचे होते. शब्दच निश्चित नसतील, तर एका जिल्ह्यातील आदेशाचा दुसऱ्या जिल्ह्यात वेगळा अर्थ लागेल आणि त्यातून दावे उभे राहतील.

तरीही कोशात शब्द येणे आणि तोंडी शब्द बसणे यांत अंतर असते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यांपैकी काही टिकले, परंतु जमीन, तहसील, फेरफार, वसूल हे शब्द आजही गावाच्या चावडीवर नांदत आहेत. लोक शब्दाची जात पाहत नाहीत, त्याचा उपयोग पाहतात. ‘परवाना’ म्हटल्यावर जे क्षणात कळते, ते ‘अनुज्ञप्ती’ म्हटल्यावर कळेलच असे नाही. कायद्याच्या मजकुरात काटेकोर पारिभाषिक शब्द अपरिहार्य असेल. गावच्या फलकावर लावावयाच्या सूचनेत मात्र त्याच्या शेजारी रूढ शब्द देण्यास कोणतीही आडकाठी नसावी.

शब्दाच्या निवडीला पैशाची बाजू असते, हे कर्जव्यवहारात स्पष्ट दिसते. बँकेने एखादे कर्ज ‘निर्लेखित’ केले, म्हणजे आपल्या ताळेबंदातून ते बाजूला काढले, असा त्याचा अर्थ आहे. ऋणको त्यामुळे ऋणमुक्त होत नाही. वसुलीचा हक्क कायम राहतो. हाच शब्द गावात ‘कर्ज माफ झाले’ असा सांगितला गेला, तर शेतकरी हप्ता भरणे थांबवितो आणि व्याज वाढत राहते. तीच गोष्ट ‘साक्षीदार’ आणि ‘जामीनदार’ यांची. शेजाऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या अनेकांची समजूत अशी असते की आपण केवळ ओळख पटविली. वस्तुतः १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बँकांनी ग्राहकांसाठीचे छापील अर्ज व माहिती इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत उपलब्ध ठेवावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्या निर्देशाचे मोल एका सहीने गहाण पडू शकणाऱ्या जमिनीइतके आहे.

भाषांतराचा खर्च कोणी करावा?

भाषांतराला पैसे लागतात, आणि लागणारा पैसा लगेच डोळ्यांत भरतो. त्याचा लाभ मात्र हजारो ठिकाणी विखुरलेला असतो. एका शेतकऱ्याचे वाचलेले पीक, एका कामगाराचा वाचलेला हात, एका उद्योजकाला मिळालेली मागणी यांची बेरीज कोणत्याही एका वहीत होत नाही. आणखी एक वैशिष्ट्य असे की, एकदा चांगले भाषांतर झाले की ते एकाने वापरले काय किंवा एक लाख लोकांनी वापरले काय, मूळ खर्च वाढत नाही. सार्वजनिक विहिरीप्रमाणे त्याचा उपयोग सर्वांना होतो. अशा गोष्टीवर खर्च करण्यास एकटा व्यापारी फारसा उत्सुक नसतो, कारण लाभ त्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही.

याचा प्रत्यय बाजारात पदोपदी येतो. वस्तूची जाहिरात ठळक, सुबोध मराठीत असते; तिच्या धोक्याचा इशारा मात्र बारीक अक्षरांत किंवा परभाषेत असतो. जाहिरातीच्या भाषांतराने विक्री वाढते, म्हणून ते होते. इशाऱ्याच्या भाषांतराने अपघात टळतो. पण न झालेल्या अपघाताची नोंद विक्रेत्याच्या जमाखर्चात होत नाही. म्हणूनच इशारा, हक्क, अटी आणि नियम यांच्या भाषांतराची जबाबदारी शासन, विद्यापीठे, सहकारी संस्था आणि उत्पादकांचे संघ यांच्याकडे येते.

युरोपीय समुदायाने १९५८ मध्ये आपला पहिलाच विनियम भाषांविषयी केला. त्या वेळी चार भाषांना मान्यता होती. २०१३ पासून ही संख्या चोवीस आहे. या सर्व भाषांतील लेखी व तोंडी भाषांतराचा खर्च दर नागरिकामागे वर्षाला सुमारे दोन युरो सांगितला जातो. एक बाजारपेठ उभारावयाची तर त्यातील लहान देशाच्या व्यापाऱ्यालाही नियम त्याच्याच भाषेत वाचता आले पाहिजेत, हा त्यामागील हिशेब आहे. खाजगी व्यापारातूनही असाच पुरावा मिळतो. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने २०१४ मध्ये वस्तूंच्या माहितीचे स्पॅनिश भाषेत यांत्रिक भाषांतर सुरू केले. त्यानंतर अमेरिकेतून स्पॅनिशभाषी लॅटिन अमेरिकी देशांकडे जाणारी त्या बाजारपेठेवरील निर्यात सुमारे अकरा टक्क्यांनी वाढली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वस्तू त्याच होत्या, बाजारपेठ तीच होती. ग्राहकाला वस्तूचे वर्णन त्याच्या भाषेत मिळू लागले होते.

शेतातील भाषांतर

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा शेतात होते. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशकाने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम आले. वेष्टनासोबतचे माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबर, माल जेथे विकला जाणार त्या भागातील एका किंवा दोन भाषांत असावे, अशी तरतूद त्या नियमांत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी रंगांची भाषाही ठरविण्यात आली. वेष्टनावरील चौकोनाच्या खालच्या भागात लाल रंग असेल तर अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत कमी.

एवढी व्यवस्था असूनही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, अनेक औषधांचे मिश्रण, सलग दिवसांची फवारणी ही त्यांपैकी काही. केवळ भाषेला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु अशा वेळी धोक्याची माहिती फवारणी करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचली होती काय, हा प्रश्न टाळताही येत नाही. बाटली शेतमालकाच्या हाती असते आणि पंप मजुराच्या पाठीवर. माहितीपत्रक बहुधा खोक्याबरोबर दुकानातच राहते. त्यातील मजकूर मराठीत असला, तरी अनेक भाषांच्या गर्दीत त्याचे अक्षर इतके लहान होते की ते वाचण्यास भिंग लागावे.

शिवाय शब्दांचे भाषांतर झाले तरी मापांचे होतेच असे नाही. समजा, माहितीपत्रकात हेक्टरी ५०० मिलिलिटर मात्रा दिली आहे. शेतकरी एकरात विचार करतो आणि औषध पंपात घालतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणून एकरी मात्रा सुमारे २०० मिलिलिटर झाली. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल, तर लिटरमागे एक मिलिलिटर आणि पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा मिलिलिटर. हा तीन पायऱ्यांचा हिशेब करून ‘एका पंपाला इतके’ असे सांगणे, हे खऱ्या अर्थाने भाषांतर आहे. तो हिशेब कोणी करून दिला नाही, तर बाटलीचे झाकण हेच माप ठरते.

द्राक्षांचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखविते. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्षे युरोपात जातात, आणि तेथील अवशेषमर्यादांचे नियम वरचेवर बदलतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष तेथील मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने निर्यातीला जबर फटका बसला. बागायतदार हे रसायन लपूनछपून वापरत नव्हते. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते येथे प्रचारात होते. दूरच्या बाजारपेठेचा नियम बागेपर्यंत आलाच नव्हता. पुढे ते रसायन तपासणीच्या यादीत समाविष्ट झाले. म्हणजेच, भाषांतर करण्यापूर्वी कोणत्या मजकुराचे भाषांतर करावयाचे हे ठरविणारी जागरूक यंत्रणा हवी. द्राक्ष बागायतदार संघाचे ‘द्राक्षवृत्त’ हे मराठी मासिक, मांजरी येथील राष्ट्रीय संशोधन केंद्राचे सल्ले, कृषी विभागाच्या सूचना यांचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. परदेशी नियमावलीतील एक ओळ वेळेवर मराठीत आली, तर एक पूर्ण हंगाम वाचतो.

तोंडी भाषांतरालाही तितकेच महत्त्व आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या दूरध्वनी सेवेत शेतकऱ्याला बावीस भाषांपैकी आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो. वाचनाची सवय नसलेल्यास छापील पत्रकापेक्षा असा संवाद अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात उलट प्रश्न विचारता येतो.

मराठीच्याही पलीकडे

२०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातील सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी आहे. उरलेल्यांत मोठ्या शहरांतील अन्य भाषिकांप्रमाणेच गडचिरोलीतील गोंडी व माडिया, मेळघाटातील कोरकू आणि सातपुड्यातील भिली व पावरी बोलणारे समाजही आहेत. गोंडी ही द्राविड कुळातील आणि कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. या बांधवांच्या दृष्टीने मराठी परिपत्रक हेही परभाषेतील परिपत्रक होय. इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर येथे आणखी एक पायरी उतरल्याशिवाय घरापर्यंत पोहोचत नाही.

ही पायरी उतरल्यास काय होऊ शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने दाखविले. या गावात ग्रामसभेबरोबर अभ्यासगटांची प्रथा आहे. एखादा विषय निर्णयापूर्वी समजून घेण्यासाठी गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात. २००६ च्या वनहक्क कायद्यातील एक शब्दप्रयोग निर्णायक ठरला, तो म्हणजे ‘गौण वनोपज’. या कायद्याच्या व्याख्येत बांबूचा त्यात स्पष्ट समावेश आहे. त्या वेळच्या १९२७ च्या वन अधिनियमात मात्र बांबूची गणना वृक्षांत होत होती. बांबू झाड की गवत, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर गावाचे उत्पन्न अवलंबून होते. मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूची विक्री गावाने स्वतः केली. कायदा सर्व देशासाठी एकच होता. ज्या गावाने त्यातील व्याख्या समजून घेतली, त्या गावाला तिचा लाभ आधी मिळाला.

यंत्र आणि मनुष्य

अलीकडच्या काळात संगणकाने हे काम पुष्कळ सुकर केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निर्णयांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ या प्रणालीचा वापर सुरू केला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम आरंभिला. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाची मुभा दिली असून त्यासाठीच्या पुस्तकांचे भाषांतरही चालू आहे. ज्या मजकुराला पूर्वी महिने लागत, तो आता काही क्षणांत मराठीत उभा राहतो.

परंतु वेग वाढला म्हणून जबाबदारी कमी होत नाही. यंत्राने केलेल्या वाक्याचा ओघ इतका सफाईदार असतो की त्यातील चूक लक्षात येत नाही. एखादा ‘न’ गळला, दशांशचिन्ह सरकले किंवा ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आले, तर नियमाचा अर्थच उलटतो. ज्या भाषांत लिखित मजकूर थोडा आहे, त्या गोंडी-कोरकूसारख्या भाषांत यंत्राचे साहाय्य अद्याप मर्यादित आहे. म्हणून औषधाची मात्रा, कर्जाची अट, जमिनीचा हक्क आणि मुदतीची तारीख या चार बाबी ज्या मजकुरात असतील, तो जाणकार माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय प्रसृत करू नये, हा दंडक प्रत्येक कार्यालयाने पाळणे हितावह ठरेल.

भाषांतर हा रोजगारही आहे. पुण्यात जर्मन व जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे; तेथील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत परकीय भाषांचे अनेक वर्ग भरत आले आहेत. परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत दुभाषे आणि तांत्रिक भाषांतरकार लागतात. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तेव्हा भाषाशिक्षण हाच त्यातील पहिला टप्पा ठरला. असे असूनही भाषांतरकाराला काम सोपविले जाते ते बहुधा सर्वांत शेवटी आणि उद्यावर मुदत ठेवून. त्याचे मानधन शब्दांच्या संख्येवर ठरते. समजण्याच्या सुलभतेवर नाही. योजनेच्या आराखड्यातच भाषांतराचा वेळ आणि खर्च धरला गेला, तर या सेवेचा दर्जा आपोआप उंचावेल.

गावपातळीवर काय करता येईल

या सर्व विवेचनाचा गावपातळीवरील अर्थ काय? पहिली गोष्ट म्हणजे, ग्रामपंचायतीत येणारे प्रत्येक परिपत्रक सर्वांना वाचून दाखविण्याची गरज नाही. पण ज्यात हक्क, पैसा किंवा मुदत आहे, त्याचा अर्धा पानभर सुबोध सारांश फलकावर लागावा. कोणाला मिळणार, किती मिळणार, कोणते कागद लागणार, कोठे जावयाचे आणि शेवटची तारीख कोणती, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. दुसरी गोष्ट शिक्षकांकडे आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना कीटकनाशकाचे माहितीपत्रक, पासबुक, वीजबिल आणि सातबारा वाचून त्याचा अर्थ घरी सांगण्याचा सराव दिला, तर प्रत्येक घरात एक भाषांतरकार तयार होईल. तिसरी गोष्ट आदिवासी भागातील ग्रामसभांची. तेथे विषयपत्रिका स्थानिक बोलीत समजावून देण्याचे काम त्याच गावातील सुशिक्षित तरुण-तरुणींकडे सोपवून त्याचा योग्य मोबदला द्यावा. फुकटच्या कामाची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही.

चौथी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी आहे आणि तिला कोणताही खर्च नाही. सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ती ज्याच्यासाठी आहे अशा एका माणसास वाचावयास द्यावी आणि त्यात काय सांगितले आहे ते त्याच्याच शब्दांत सांगण्याची विनंती करावी. त्याला जे सांगता आले नाही, ते वाक्य सदोष समजून पुन्हा लिहावे. कोशातील शब्द बरोबर आहे की नाही हे तज्ज्ञ ठरवतील. मजकूर पोहोचला की नाही हे मात्र तोच माणूस ठरवू शकतो.

धरणाचे पाणी शेतापर्यंत नेण्यासाठी मुख्य कालव्याबरोबर शेतचारीही लागते. कालव्याचे उद्घाटन होते, शेतचारीचे होत नाही. तरी पीक तिच्याच पाण्यावर उभे राहते. विकासाच्या ज्ञानाबाबत ही शेतचारी म्हणजे भाषांतर. पुढील वर्षाच्या योजनेचा आराखडा करताना प्रत्येक खात्याने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने तिच्यासाठी एक ओळ राखून ठेवणे अगत्याचे आहे.